कोंगो माझ्या हातचा, कान तिचा

बोरगाव मेघेला माझ्या घराच्या पुढच्या खोलीतच दुकान होतं. बाहेर टिनाची पाटी: 'येथे तबला, ढोलकी, कोंगो दुरुस्त करून मिळेल.' खाली माझं नाव. पाटीवर एक गोष्ट लिहिलेली नव्हती. दुरुस्त करणाऱ्याला डाव्या कानानं काहीच ऐकू येत नाही अन् उजव्यानं अर्धंच येतं.

ही गोष्ट मी दहा वर्षं जिवापाड लपवली. शिंप्याला टाका दिसत नाही असं कळलं तर त्याच्याकडे कोणी कापड टाकील का? तसंच हे. माझी बायको सुमित्रा हिच्या भरवशावर मी लपवत होतो. तिला जाऊन दोन वर्षं झाली. आता लपवायचं कोणाच्या जिवावर? म्हणून सांगायला बसलो. चौथीपर्यंतच शिकलो आहे. शुद्धलेखन छापणाऱ्यांनी पाहून घ्यावं.

आधी कोंगो म्हणजे काय ते सांगतो. कमरेइतकं उंच लाकडी पिंप समजा. मधे पोट सुटलेलं, खाली निमुळतं, आतून पोकळ, बुडाशी उघडं. वरच्या तोंडावर जाड कातडं. हातानं वाजवायचा, काठी लागत नाही. ऑर्केस्ट्रात गाणाऱ्याच्या मागं एक माणूस उभा राहून दोन पिंपांवर थापा मारत असतो अन् त्याच्याकडे कोणी पाहत नाही, तो कोंगोवाला. एक कोंगो मोठा, खालच्या सुराचा. एक छोटा, वरच्या सुराचा.

नव्वद सालानंतर आमच्या भागात ऑर्केस्ट्रा पार्ट्यांचं पेव फुटलं होतं. लग्न, गणपती, जयंती, कुठंही स्टेज बांधला की पार्टी पाहिजे. नवा कोंगो घ्यायची कोणाची ऐपत नव्हती. नागपूरच्या मोठ्या पार्ट्या वापरून वापरून टाकून देत, ते भंगारासारखे कोंगो आमच्याकडची पोरं घेऊन येत. लाकडाच्या पट्ट्यांत फटी पडलेल्या, कातडं ताणणारे लोखंडी आकडे गंजलेले, कातडं कडेनं फाटलेलं. एकाच्या आत तर चिमणीचं घरटं निघालं होतं. अख्खं.

मी मूळचा तबल्याचा कारागीर. मामानं लहानपणी कामाला बसवलं, तेच हातात बसलं. कोंगो मी जन्मात पाहिला नव्हता. पण पहिला कोंगोवाला आला तो म्हणाला, "काका, गोल हाय, वरतं कातडं हाय, मंग तुमच्याशिवाय कोनाले येईन?" मलाही वाटलं, बरोबर आहे. तबल्याला बकरीचं कातडं लागतं, म्हणून माझ्याकडचं बकरीचं सगळ्यात उत्तम कातडं काढलं अन् त्याला चढवलं. काय गोड वाजला सांगू! मी दोन दिवस ऐटीत होतो.

हिंगणघाटच्या लग्नात तिसऱ्या गाण्याला त्या पोराचा हात कातड्यातून आरपार गेला. कोपरापर्यंत आत. तो बिचारा दुसऱ्या हातानं वाजवत राहिला. लोकांना वाटलं हा कार्यक्रमातलाच खेळ आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोंगो घेऊन दारात हजर.

"काका, हात आत गेला तं आत एक रुमाल सापडला. तुमचाच हाय का पाहा."

माझाच होता. मी मान खाली घातली. सुमित्रा आतून म्हणाली, "पापड लाटला तुमी. इथं भाकर थापा लागते."

तबलेवाल्याचीच चूक होती ती. तबल्यावर बोटं वाजतात, कोंगोवर पंजा पडतो. त्याला हेल्याचं, म्हणजे रेड्याचं, जाड कातडं पाहिजे. हे समजायला मला एक कोंगो अन् एक रुमाल लागला. तेव्हापासून माझ्या हातचं कातडं फाटलं नाही. हे मी घमेंडीनंच सांगतो.

काम कसं चालतं ते थोडक्यात. जुनं कातडं काढायचं. पिंपाच्या तोंडाची कड हातानं चाचपायची. कुठं टोक लागलं तर काचकागदानं घासून गोल करायची, नाहीतर तीच कड नव्या कातड्याला सुरीसारखी कापते. फटी लाकडाचा भुसा अन् सरस कालवून बुजवायच्या. कडेवर मेणबत्ती घासायची, म्हणजे कातडं सरकताना अडत नाही. नवं कातडं एक दिवस पाण्यात. ते धोतरासारखं नरम झालं की एका लोखंडी कड्याला गुंडाळून तोंडावर ठेवायचं, त्यावर दुसरं कडं बसवायचं, अन् त्या कड्याला सहा आकडे लावून खालून नट आवळायचे. गोल गोल आवळत गेलात तर कातडं एका बाजूला ओढलं जातं. समोरासमोरचे नट घ्यायचे. प्रत्येकाला अर्धा फेरा, त्याच्याहून जास्त नाही. मग सावलीत दोन दिवस. आमच्या इकडच्या मे महिन्यात उन्हात ठेवाल तर कातडं असं आवळतं की लाकूड कण्हायला लागतं. वाजवून झालं की नट ढिले करून ठेवा, हे मी प्रत्येकाला सांगायचो. कोणी ऐकत नसे. म्हणून माझं दुकान चाललं.

हे सगळं हाताचं काम. खरं काम शेवटी असतं. सूर लावायचं. सहाही नटांजवळ सारखा आवाज आला पाहिजे, अन् मोठा अन् छोटा कोंगो एकमेकांशी जुळले पाहिजेत. ते कानाचं काम.

डावा कान माझा लहानपणीच वाहून वाहून गेला होता. उजवा चाळिशीनंतर उतरायला लागला. माणूस समोर बोलला तर ओठावरून समजे. पण सूर म्हणजे मला लांबच्या गावचा भोंगा वाटायला लागला. वाजतो आहे एवढं कळे, काय वाजतो ते कळेना. मी कोणाला सांगितलं नाही. सुमित्रालाही नाही.

एक दिवस एक कोंगो आवळत बसलो होतो. ती उंबऱ्याच्या आत तांदूळ निवडत होती. थोड्या वेळानं सूप खाली ठेवून माझ्यासमोर येऊन बसली, म्हणजे मला तिचे ओठ दिसावे.

"अवो, कवापासून ऐकू येत नाई तुमाले?"

"काऊन? येते ना."

"मी मांगून तीनदा हाका मारल्या. चौथ्यांदा शिवी देल्ली."

"कोनती?"

"जाऊ द्या. ऐकू आली असती तं तुमी उठून आले असते."

त्या दिवशी तिनं दुसरं काही विचारलं नाही. म्हणाली, तुम्ही आवळा, मी ऐकते. तिला सुरांची नावं माहीत नव्हती. पण तिचे वडील भजनात पेटी धरत अन् ती लहानपणी त्यांच्या मांडीशी बसे. कान तिथं तयार झाला असेल. ती म्हणे, "हा छोटा मोठ्याच्या खांद्यावर बसला नाई अजून. घसरून राह्यला." मी अर्धा फेरा देई. "आता बसला." अन् खरंच गिऱ्हाईक खूष होऊन जाई.

पण गिऱ्हाईकासमोर कसं करायचं? तिनंच तोड काढली. कोंगोवाला समोर बसलेला असला की ती उंबऱ्याच्या आत माझ्या उजव्या कानाच्या बाजूला, मला तोंड दिसेल अशी बसे. मी थाप मारी. सूर खाली असला की ती म्हणे, "भाजी कच्ची हाय अजून." वर गेला असला तर, "लागली, लागली!" एखादाच नट ढिला असला तर, "उजव्या अंगाले मीठ कमी हाय." अन् बरोबर लागला की, "उतरवा." झालं. मी नटावरचा पाना काढी अन् मोठ्या कारागिरासारखी मान हलवी.

दहा वर्षं हे चाललं. मला वाटे, आपल्याइतकं हुशार कोणी नाही.

गिऱ्हाईकंही एकेक नमुने होती. एक बाई तिच्या नवऱ्याचा कोंगो घेऊन आली. कातडं काढलं तर आत दहा किलो कांदे, बुडाला जाळी बांधलेली. म्हणे, खाली हवा लागते, सडत नाही, दुरुस्त करा पण कांद्यांची जागा ठेवा. मी म्हटलं, बाई, कातडं लावल्यावर कांदे काढाल कुठून? तर म्हणे, खालून. तिचं बरोबर होतं, माझंच डोकं चाललं नाही. पवनारकडचं एक भजनी मंडळ होतं. त्यांना कोणीतरी जुना कोंगो फुकट देऊन टाकला होता. मंडळाचे बुवा सोवळ्याचे. ते दारातूनच विचारायला लागले, कातडं कोणत्या जनावराचं, देवळात चालेल का. मी म्हटलं, "बुवा, तुमच्या मृदंगाले काय केळीचं पान लावलं हाय का?" बुवा उठून चालायला लागले. सुमित्रानं त्यांना बोलावून बसवलं, चहा दिला अन् सांगितलं, "बुवा, आमच्या ह्यायले बोलता येत नाई. तुमी कोंगो ठेवून जा, मी स्वतः पुसून देईन." गिऱ्हाईक टिकवायचं कामही तीच करे. मी बोललो की तुटायचं.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. सुमित्राच्या पोटात दुखत होतं, कितीतरी महिन्यांपासून. ती सांगत नव्हती. मला ऐकू येत नाही, ती सांगत नाही, असा आमचा संसार. शेवटी सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, गाठ आहे, काढावी लागेल. काढली. मग म्हणाले, तपासायला पाठवली आहे, शनिवारपर्यंत कळेल कशाची आहे ते. डॉक्टरनं हे सांगताना दुसरीकडे पाहिलं. ऐकू न येणारा माणूस चेहरे फार वाचतो.

त्याच आठवड्यात माझ्याकडे रमेशची जोडी आली होती. रमेश त्याच दवाखान्यात दुसऱ्या विभागात मलमपट्टीच्या कामावर होता अन् संध्याकाळी ऑर्केस्ट्रात कोंगो वाजवायचा. तिशीतला, लग्न झालेला, गरीब स्वभावाचा माणूस. चार वर्षांपासून माझं गिऱ्हाईक. रविवारी वर्ध्यात कार्यक्रम होता अन् नागपूरच्या एका पार्टीचा मालक खास त्याला ऐकायला येणार होता. आवडला तर घेणार होता. दोन्ही कोंगोंची कातडी फाटलेली. जोडी घेऊन आला तेव्हा म्हणाला, "काका, एवढं करून द्या. जिंदगीचा सवाल हाय."

तेव्हाच 'नाही' म्हणायचं होतं. पण 'नाही' म्हटलं की तो विचारणार, काऊन? मग काय सांगू? 'ऐकणारी दवाखान्यात आहे' असं? मी 'ठेवून जा' म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो चौकशीला आला, म्हणाला, "काकू दिसून नाई राह्यल्या?"

"माहेरी गेली."

असा मी खोटारडा. अन् काकू त्याच्याच दवाखान्यात, त्याच्यापासून दोन इमारती पलीकडं.

कातडी चढवली. सुकवली. आता सूर. एकट्यानं थाप मारून पाहत होतो, कान लावत होतो, कपाळ टेकवत होतो. लांबचा भोंगा तो भोंगाच. शुक्रवारी दवाखान्यात गेलो तर ती उठून बसली होती. मी तोंडातून शब्द काढला नाही, तरी तिनं विचारलं.

"रमेशचा कोंगो झाला?"

"तुले काय करायचं त्याचं? पडून राह्य."

"झाला नाई म्हना." मग म्हणाली, "कान नाई तं डोये हायत ना? डब्यात तीळ हायत. कातड्यावर टाका अन् थाप मारा. माह्या हातून मांगं एकदा सांडले होते. नट ढिला होता त्या अंगाले सगळे पयत गेले."

घरी येऊन संक्रांतीचे उरलेले तीळ काढले. कातड्यावर पसरले. कडेला थाप मारली. बाप्पा! खरंच एका अंगाला तीळ नाचत होते अन् दुसऱ्या अंगाला आळशासारखे पडून होते. ढिला नट मला दिसला. अर्धा फेरा. परत थाप. असं करत करत दोन्ही कोंगोंवर तीळ सारखे उड्या मारायला लागले. बायको दवाखान्यात, गाठीचा निकाल बाकी, अन् मी जमिनीवर बसून तिळांकडे पाहून हसत होतो. नंतर रडायला आलं, ते वेगळं.

पण तिळांनी सहा नट सारखे करून दिले. मोठा अन् छोटा जुळले की नाही हे तीळ कसे सांगतील? छोटा मोठ्याच्या खांद्यावर बसला की घसरला, ते सांगणारी एकच होती.

शनिवारी सकाळी मी दोन्ही कोंगो चादरीत गुंडाळले अन् ऑटोत घालून सेवाग्रामला नेले. फाटकावरचा माणूस म्हणाला, हे काय आहे? मी म्हटलं, पेशंटचं औषध. त्यानं चादर उचलून पाहिलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं. जाऊ दिलं. एवढ्या मोठ्या फाटकावर रोज काय काय पाहत असेल बिचारा.

वॉर्डात वाजवता येत नव्हतं. बाहेर कडुनिंबाखाली पेशंटच्या घरची माणसं स्वयंपाक करत, तिथं मी कोंगो मांडले. सिस्टरच्या हातापाया पडून सुमित्राला हळूहळू चालवत आणलं. एक हात पोटावर, एक माझ्या खांद्यावर. बाजूला तीन दगडांच्या चुलीवर कोणाचं तरी वरण शिजत होतं. त्या बाईनं हिला बसायला पोतं दिलं.

मी बोटांनीच हळू वाजवला. आधी मोठा. मग छोटा.

सुमित्रानं डोळे मिटले. "कच्ची."

अर्धा फेरा, समोरासमोर, सहाही नट.

"अजून कच्ची हाय."

चुलीवाली बाई आपल्या वरणात पळी घालून पाहायला लागली. मी परत फिरवला.

"लागली! थोडं खाली घ्या."

खाली घेतला. ती "उतरवा" म्हणणार एवढ्यात तिचे डोळे माझ्या मागं कुठंतरी गेले अन् तोंड उघडंच राहिलं. मी वळून पाहिलं. रमेश उभा होता. हातात पट्ट्यांचा ट्रे.

मला वाटलं जमीन फाटावी. दहा वर्षांची अब्रू कडुनिंबाखाली मांडून ठेवली होती, अन् तीही खुद्द त्याच्याच कोंगोसोबत.

"काका," रमेश माझ्यासमोर येऊन बसला अन् सावकाश, ओठ मोठे करून बोलला. "काकू माहेरी गेल्या होत्या ना?"

"रमेश, मी तुले सांगनार होतो..."

"काय सांगनार होते? तुमाले ऐकू येत नाई ते? चार वर्षांपासून माहीत हाय मले."

मी सुमित्राकडे पाहिलं. तिनं मान हलवली, मी नाही सांगितलं.

"दुपारी तीन वाजता कोनाच्या घरी भाजी शिजते काका? काकूच्या हातात सूप, अन् मांगं चूल थंडी. पयल्या दिवशीच समजलं. सगळ्या पार्टीवाल्याइले माहीत हाय. आमी तुमच्या दुकानाले भाजीचं दुकान म्हनतो. 'चाल बे, भाजी शिजवून आनू.'"

"मंग बोलले काऊन नाई?"

"तुमी लपवून राह्यले होते, तं आमी पन लपवलं. कोंगो तं चांगला वाजे ना."

मी काय सांगू, त्या क्षणी मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. उलट दहा वर्षं डोक्यावर ठेवलेलं ओझं कोणीतरी हात लावून उतरवलं, असं झालं. सुमित्रा तर पोट धरून हसायला लागली. टाके दुखतील म्हणून हसू दाबत होती अन् परत हसत होती. "भाजीचं दुकान!" म्हणत होती.

मग रमेशनं विचारलं, काकूंना झालं काय. मी सांगितलं. गाठ, तपासणी, शनिवार. त्याचं हसणं बंद झालं. ट्रे त्या वरणवाल्या बाईजवळ ठेवला अन् "थांबा" म्हणून निघून गेला.

आम्ही दोघं बसलो. मी उगाच नटांवरून फडकं फिरवत होतो. सुमित्रा म्हणाली, "खराब निघालं तं घाबरू नका. तीळ हायत." मी फडकं जोरात घासायला लागलो. तिळांवर किती दिवस काढायचे, हे विचारायची हिंमत झाली नाही.

बऱ्याच वेळानं रमेश लांबून येताना दिसला. पळत होता. पळता पळता ओरडून काहीतरी सांगत होता. मला शब्द ऐकू येत नव्हते, ओठ दिसत नव्हते. नुसता हात हलताना दिसे. चांगलं की वाईट काही कळेना. मी सुमित्राकडे वळलो. तिला ऐकू येत होतं. तिच्या तोंडाकडे मी असा पाहत राहिलो जसा जन्मात कोणाकडे पाहिलं नसेल. तिनं ऐकलं. डोळे मिटले. तळवा छोट्या कोंगोवर ठेवला.

"काय म्हनते वं तो? काय म्हनते?"

"उतरवा," ती म्हणाली. "साधी गाठ होती. उतरवा."

वरणवाल्या बाईला वाटलं तिलाच सांगितलं. तिनं भांडं उतरवून ठेवलं.

ऑपरेशननंतर नवव्या दिवशी सुमित्रा घरी आली. त्याच्या आधीच रविवार होऊन गेला होता. मी कार्यक्रमाला गेलो होतो, पहिल्या रांगेत बसलो होतो. ऐकायला नाही, पाहायला. रमेशची मान डुलत होती, पाहुणा मालक मांडीवर ठेका धरत होता, एवढ्यावरून मला सगळं समजलं. त्याला घेतलं त्यांनी. दवाखान्याची नोकरी सांभाळून तो त्या पार्टीत पुष्कळ वर्षं वाजवत राहिला.

पुढं बटणाचे इलेक्ट्रिक पॅड आले. चार बटणं दाबली की कोंगो, ढोलकी, तबला सगळं त्यातून. त्याला कातडं नाही, नट नाही, ऊन लागत नाही. माझ्या दुकानातली ठोकाठोक कमी झाली, मग बंद झाली. त्याचं मला फार वाईट वाटलं नाही. हातही थकले होते. वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. पाटीवर माझं एकट्याचं नाव होतं. एवढी वर्षं तिच्या कानानं पोट भरलं अन् पाटीवर दोन अक्षरं तिची टाकायची मला बुद्धी झाली नाही. मागं एकदा तिला तसं म्हटलं तर म्हणाली, "अन् लिवसान काय? भाजीवाली?" आता पाटी काढून टाकली आहे. गंजली होती.

ती गेली तेव्हा काही दुखणं-खुपणं नव्हतं. सकाळी चहा ठेवते म्हणाली अन् उठलीच नाही. त्या दिवशीच्या कडुनिंबापासून आम्हाला एवढी वर्षं मिळाली, हे मी रोज मोजतो असं नाही, पण विसरतही नाही. डॉक्टरनं दुसरीकडे पाहिलं होतं त्या दिवशी मला वाटलं होतं, शनिवारी सगळं संपेल. नाही संपलं. तिच्यामागं घर सुनं झालं, जेवण गोड लागत नाही, हे खरं आहे. पण ती उरलेली वर्षं आठवली की छातीतलं काहीतरी मोकळं होतं. तेही तेवढंच खरं आहे.

यंदा पावसाळ्यात रमेश आला. केस पिकलेले, पोट सुटलेलं, अगदी कोंगोसारखं. सोबत तीच जोडी. म्हणाला, "काका, पॅड वाजवून वाजवून बोटं मेली. नातवाच्या बारशात हातानं वाजवाचा हाय. कातडं टाकून द्या."

मी म्हटलं, "अरे, आता कुठं? हात थरथरतात. अन् ऐकील कोन?"

त्यानं पिशवी पुढं सरकवली. कातडं तोच घेऊन आला होता, हेल्याचं. मी भिजवलं, चढवलं, सुकवलं. चार दिवसांचं काम मला आठ दिवस लागले. सूर लावायच्या दिवशी डब्यातून तीळ काढले. सहाही नट सारखे केले. मग मोठा वाजवला, छोटा वाजवला अन् तसाच बसून राहिलो.

रमेश उठला अन् उंबऱ्याच्या आत, ती बसायची तिथं जाऊन बसला. माझ्या ओठांवर "तिथं नको" आलं होतं. पण तिथूनच तिला चांगलं ऐकू यायचं. मी म्हटलं, "बस. थोडा उजवीकडं सरक. मले तोंड दिसू दे."

तो सरकला. मी थाप मारली.

"काका," तो म्हणाला, "भाजी कच्ची हाय."

मी अर्धा फेरा दिला.

"अजून."

परत दिला. समोरासमोर, सहाही नट. शेवटी त्यानं मान हलवली अन् तो शब्द म्हटला. मी पाना खाली ठेवला.

तर आता तुम्हालाही माहीत झालं. कोणाच्या घरी माळ्यावर जुना कोंगो पडला असेल तर आणा. कांदे काढून आणा. दारातून हाका मारू नका, आत येऊन माझ्या समोर उभे राहा अन् मोठ्यानं बोला.